ल्हासाचं पिल्लू आणलंय, कंगवा दिसला की दिवाणाखाली पळतं. काय करू?

पारोळ्याची_सून

नमस्कार मंडळी, मागच्या रविवारी नणंदेकडून नाशिकहून ल्हासा ॲप्सोचं पिल्लू आणलं, दहा आठवड्यांचा आहे, नाव मोती ठेवलंय. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या "कुत्रं घरमा कसाले आनं" आणि आता त्याच त्याला मांडीवर घेऊन बसतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. बाकीचे प्रश्न बरेच आहेत.

केस आत्ताच डोळ्यावर यायला लागलेत. कंगवा आणलाय पण दिसला की चावतो नाहीतर सरळ दिवाणाखाली. दूधवाला आला, सासऱ्यांचे मित्र फेटा घालून आले की लपून गुरगुरतो. सू तर कुठेही करतो, कूलरच्या मागे जास्त. आणि नवरा म्हणतो मे महिन्यात त्याचा गोटाच करून टाकू म्हणजे उकडणार नाही, हे बरोबर आहे का? एकच लस झालीये आणि सगळ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका असं सांगितलंय, मग त्याला माणसांची सवय लावायची कशी?

अजून एक, नवरा त्याला "सिट" म्हणतो, सासूबाई "बठ" म्हणतात, मी "बस" म्हणते. यातलं काय ठेवायचं?

भुसावळ_जंक्शन

ताई, आमचा ल्हासा सहा वर्षांचा आहे, म्हणून जरा मोठं लिहितो, वाचा शांतपणे.

पहिलं म्हणजे हा तिबेटचा कुत्रा. तिकडे मठात आत राहायचा आणि अनोळखी माणूस आला की ओरडून कळवायचा, तेच त्याचं काम. त्यामुळे परक्यावर संशय घेणं त्याच्या रक्तातच आहे, मोती वाईट नाहीये. पण म्हणूनच या वयात जितकी वेगवेगळी माणसं दिसतील तितकं चांगलं. साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ पिल्लाचं मन सगळ्यात मोकळं असण्याचा, आणि तुमच्या हातात त्यातले चारच आठवडे उरलेत, ते घरात कोंडून घालवू नका.

बाहेर नेऊ नका म्हणजे जमिनीवर सोडू नका. उचलून न्या की. ओट्यावर मांडीवर घेऊन बसा, रिक्षा, मोटारसायकल, शाळा सुटल्यावरचा गलका, मंदिराची घंटा, सगळं लांबून दाखवा. फेटेवाल्या बाबांना सांगा की त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, नुसतं खाली बसायचं आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा बाजूला टाकायचा. तो स्वतः पुढे आला तरच. दिवाणाखालून ओढून काढून कुणाच्या हातात देऊ नका, त्याने भीती पक्की होते. आणि गुरगुरला म्हणून रागावू नका, तो सांगतोय की मला भीती वाटते, ते सांगणंच बंद केलं तर पुढे न सांगता चावेल.

आता कंगवा. इथे मी मोठी चूक केलीये म्हणून कळकळीने सांगतो. मी पहिले नऊ-दहा महिने मऊ ब्रश वरून फिरवायचो, केस काय चमकायचे, लोक थांबून बघायचे. दहाव्या महिन्यात पोटाखाली हात लावला तर आत घोंगडीसारखा थर. याच वयात पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात आणि जुने नव्यात अडकून जटा होतात, मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं कातडीपर्यंत काढावं लागलं, खालची कातडी लाल झालेली. तो दिवस मी विसरलो नाही.

म्हणून आत्तापासून रोज दोन मिनिटं, जास्त नाही. पहिले तीनचार दिवस कंगवा नुसता जमिनीवर ठेवा आणि शेजारी खाऊ. मग कंगव्याची पाठ अंगाला लावा, खाऊ. मग कंगवा एकदाच पाठीवर फिरवा, खाऊ, संपलं. तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबायचं. रोज पंजा हातात घ्या, बोटं उघडून बघा, कानाची पाळी उलटी करा, ओठ वर करून दात बघा. उद्या डॉक्टरकडे टेबलावर हेच होणार आहे.

नीट विंचरायला लागलात की केसांचा भांग पाडत जायचा, कातडी दिसली पाहिजे, आणि थोडे थोडे केस खालून वर सोडत विंचरायचं. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच झालं समजा. गुंता लागला तर मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही आणि टोकाकडून सोडवत मुळाकडे या. कानामागे, काखेत, पट्टा घासतो तिथे आणि मांडीच्या आत बघा, गुंता तिथेच होतो, हाताला सरकीसारखा टणक लागतो. कात्रीने कापायला जाऊ नका, कातडी गुंत्यासोबत वर आलेली असते, कापली जाते. अंघोळ नेहमी विंचरल्यानंतर, आधी पाणी पडलं की गुंता आवळून बसतो. आपला शाम्पू नको, कुत्र्याचा घ्या. खोबरेल तेल कुणी सुचवेल, तेही नको, आपल्याकडची धूळ त्यावर चिकटून बसते.

काळी_माती

चोपड्याचा शेतकरी आहे, आमच्याकडे पामेरियन म्हणून मिळतो तो पांढरा स्पिट्झ आहे. गोटा अजिबात करू नका वहिनी. आम्ही एका उन्हाळ्यात केला, पाठ उन्हाने भाजली, केस परत आले तेही ठिकठिकाणी, वर्ष गेलं.

शेतात नेत असाल तर पोळ्यानंतर कुसळाचे दिवस, तेव्हा रोज बघा. कुसळ बोटांच्या मध्ये घुसतं आणि पुढेच जातं, मागे येत नाही, पाय सुजतो. कानात गेलं तर मान वाकडी करून डोकं झटकत राहतो. सराटे वेगळेच. आणि काळी माती ओली असताना पंजाच्या केसात बसली की वाळून खड्यासारखी होते, चालताना टोचते, म्हणून तळव्यामधले केस बारीक ठेवा, कोमट पाण्यात पाय बुडवून माती विरघळवा, ओढू नका.

गुरांचा_डॉक्टर

काळी_माती भाऊंचं स्पिट्झबद्दल बरोबर आहे. ल्हासाचे केस वाढत राहतात त्यामुळे ते कापलेले चालतात, पण वस्तरा नाही, इंचभर तरी ठेवा. मे मध्ये जळगाव भुसावळकडे पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा केसांपेक्षा वेळ महत्त्वाची, सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी जमीन निवल्यावर. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही नाही. जीभ लांब काढून थांबतच नसेल, लाळ घट्ट, लटपटत असेल तर लगेच सावलीत साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि ओल्या अंगानेच दवाखान्यात न्या.

लसीचे डोस साधारण तीन चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा रोग, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांच्या जागी पंजे टेकवू नका, उचलून न्यायला हरकत नाही.

आणि हे घरात सगळ्यांना सांगा. गोठ्यात गुरांना मारतो ते गोचिडाचं औषध पिल्लावर कधीच लावू नका. थोडं पाणी घालून लावलं म्हणून पिल्लं दगावलेली मी पाहिलीत. वजन करून त्याचं वेगळं औषध घ्या.

पारोळ्याची_सून

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. डॉक्टरसाहेब, काल दिराने त्याला भरीत भाकरीचा घास दिला, चांगलाच खाल्ला. चालतं ना?

गुरांचा_डॉक्टर

नाही हो ताई. आपल्या भरतात कांद्याची पात आणि लसूण असतो, दोन्हीने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी. एक घास म्हणजे घाबरू नका पण चारपाच दिवस लक्ष ठेवा, सुस्त वाटला, हिरड्या पांढरट दिसल्या, लघवी लालसर तपकिरी झाली तर लगेच न्या. शेवभाजीचा रस्साही नाही, मनुका नाही, चॉकलेट नाही. केळ्याचा छोटा तुकडा चालतो.

भुसावळ_जंक्शन

सू बद्दल राहिलं होतं. झोपून उठला, खाल्लं, खेळून झालं की लगेच उचलून ठरलेल्या एकाच जागी, नाहीतर दर दोन तासाला. या वयात त्याला त्याहून जास्त धरवतच नाही. तिथे केली की त्याच क्षणी खाऊ, घरात परत आल्यावर नाही. नाक घासणं, मारणं बिलकुल नको, तो फक्त तुमच्यासमोर करायला घाबरेल आणि कूलरमागे जाईल, कदाचित आत्ता तेच होतंय. फिनाईलच्या ओल्या फरशीवर फिरू देऊ नका, पाय चाटतो.

आणि शब्दाचं विचारलंत तर "बठ" ठेवा. दिवसभर त्याच्याजवळ सासूबाई असतात, बाकीच्या दोघांनी बदलायचं.

पारोळ्याची_सून

पंधरा दिवसांनी लिहितेय. भरताचं काही झालं नाही, दिराला मी नीट समजावलं आणि फ्रीजवर चिठ्ठीच लावलीये. दुसरी लस झाली. कूलरमागची सू पूर्ण थांबली नाही पण आठवड्यात दोनदाच झाली.

कंगव्याला पहिले पाच दिवस मी हातही लावला नाही, नुसता खाऊजवळ ठेवला. सहाव्या दिवशी कंगव्याची पाठ त्याच्या अंगाला लावली तर वळून हुंगला आणि खाऊ खात राहिला. आता पाठ आणि शेपटी विंचरून देतो, कानामागे अजून हात झटकतो, तिथे मी कंगवा एकदाच फिरवून सोडते. नवऱ्याने गोट्याचा विषय सोडलाय.

फेटेवाले बाबा रोज संध्याकाळी येतात, ओट्यावर बसतात आणि त्याच्याकडे न बघता तुकडा टाकतात. परवा त्यांच्या चपलेजवळ येऊन बसला. सासूबाई आतून "बठ" म्हणाल्या म्हणून बसला की आपणहून, ते काही कळलं नाही, पण उठला नाही, बाबा निघेपर्यंत तिथेच होता.