भंगारवाला परत देतो त्या पाकिटात मी माझा फराळ भरणार नाही

मुलुंडची सुगरण

गेल्या महिन्यात सोसायटीत भंगारवाले मामा आले, तेव्हा माळ्यावर साठवलेली पोती मी खाली काढली. तेलाचे कॅन त्यांनी घेतले, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा तर सगळ्यात आधी काट्यावर ठेवला. शेवटचं पोतं मात्र उघडून बघितलं आणि माझ्याच हातात परत दिलं. "ताई, हे धारावीत कोणी घेत नाही." त्यात चकचकीत पाकिटं होती. काही बाजारच्या वेफर्सची आणि चाळीसेक माझ्या स्वतःच्या चिवड्याची, माझ्या नावाच्या स्टिकरसकट. पावसाळ्यात सादळला म्हणून परत आलेला तो माल.

अकरा वर्षं मी घरून फराळ, मेतकूट, गोडा मसाला आणि लिंबाचं लोणचं विकते. चार वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात मला सांगितलं, स्टँडी पाऊच घ्या. झिपवाला, पुढे खिडकी, मागे चंदेरी. टेबलावर उभा राहतो, माल दिसतो, प्रदर्शनात गिऱ्हाईक थांबतं. हे सगळं खरं निघालं. गिऱ्हाईक थांबलं. पण ते पोतं हातात परत आल्यापासून मला झोप लागत नाही, इतकं ते मनाला लागलंय.

पॅकिंग घेताना आपण माल दिसेल कसा हे आधी बघतो, टिकेल किती हे नंतर, आणि पाकीट रिकामं झाल्यावर जाईल कुठे हे बघतच नाही. मी हा क्रम उलटा केलाय. ज्याला भंगारात भाव आहे तेच वापरायचं. प्लास्टिकच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा छापलेला असतो. त्यात १ असलेली पेटची बरणी, २ असलेला एचडीचा (जाड, कडक पॉलिथिनचा) डबा, ५ असलेला पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) डबा किंवा पीपीची साधी पारदर्शक पिशवी, पिठांना ४ नंबरची जाड एलडी, म्हणजे मऊ पॉलिथिनची पिशवी. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, या दोघांना हात लावायचा नाही. ७ म्हणजे ‘इतर’. कशात काय मिसळलंय ते आपल्याला कळतही नाही, आणि चंदेरी पाऊच तिथेच बसतो.

घरगुती धंदा करणाऱ्या आपण सगळ्या जणी मिळून हा पाऊच बंद करू शकतो असं मला मनापासून वाटतं. पटत नसेल त्यांनी कारण सांगा.

लॅमिनेशनवाले काका, वसई

सुगरणताई, पाऊच बनवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे माझं मत बाजूचं आहे हे आधीच सांगतो. तुमची कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही.

आधी एक दुरुस्ती, कारण ती तब्येतीची आहे. त्रिकोणातला आकडा प्लास्टिकची जात सांगतो. तो अन्नाला चालेल की नाही, हे सांगत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत ही पद्धत निघाली ती टाकाऊ माल वेगळा करणं सोपं जावं म्हणून. ५ नंबरची बादलीही असते आणि ५ नंबरचा श्रीखंडाचा डबाही असतो. अन्नासाठी घेताना ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं बिल मागा आणि आयएस ९८४५ या भारतीय मानकाची चाचणी झाली आहे का विचारा. प्लास्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो ते त्यात मोजतात. मर्यादा आहे किलोमागे ६० मिलिग्रॅम.

आता चिवडा. चिवडा दोन कारणांनी जातो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. सादळतो तो हवेतल्या ओलीने. खवट होतो तो प्राणवायूने तेल बिघडून, आणि उजेड त्यात भर घालतो. पीपी आणि पॉलिथिन ओल चांगली अडवतात, पण प्राणवायू त्यांच्यातून सहज आरपार जातो. पेटचं उलटं आहे. तो प्राणवायू आणि वास कित्येक पटींनी जास्त धरून ठेवतो, ओलीच्या बाबतीत मात्र पीपीच्या मागे पडतो. शिवाय साधा पेट गरम पट्टीखाली नीट चिकटत नाही. एकटं कोणतंच प्लास्टिक सगळं करत नाही, म्हणून पदर जोडावे लागतात. बाहेर ताकदीला आणि छपाईला पेट, मध्ये धातूचा मुलामा, आत सील होणारं पॉलिथिन. तो चंदेरी रंग शोभेसाठी नसतो. अ‍ॅल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा असतो, पण उजेड, हवा, ओल तिन्हींना रोखून धरतो. तुमच्या पाऊचला पुढे खिडकी होती. खिडकीवर मुलामा नसतो, म्हणजे उजेड थेट शेंगदाण्यापर्यंत पोचत राहिला.

आणि वजनाचा विचार करा. पाव किलो चिवड्याचा पाऊच सात-आठ ग्रॅमचा. चिवडा फुलका असतो, तेवढ्याला बरणी मोठी लागते, ती पन्नासेक ग्रॅमची. एका पाऊचऐवजी सहा पट प्लास्टिक. उलट माल खवट होऊन फेकला तर त्यातलं तेल, खोबरं, गॅस आणि तुमची मेहनत सगळं कचऱ्यात. त्या नुकसानीपुढे पाऊच काहीच नाही.

कुर्ल्याची रहिवासी

काका, कारखान्यात वजनाचा हिशेब बरोबर असेल. नाल्यात तो उलटा होतो. पन्नास ग्रॅमची बरणी कचरा वेचणारी बाई वाकून उचलते, कारण तिला तिचे पैसे मिळतात. सात ग्रॅमचं पाकीट ती उचलत नाही. ते पहिल्या पावसात गटारात आणि गटारातून मिठी नदीत. हलकं असणं हाच त्याचा दोष आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतंही शहर बुडालं असतं हे मला मान्य आहे. पण पाणी ओसरल्यावर आमच्या चाळीमागचा नाला उपसला तेव्हा काय निघालं ते मी बघितलंय, मी सोळा वर्षांची होते. त्यानंतर राज्यात ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आली, मग २३ मार्च २०१८ ला हातात धरायच्या पिशव्या सरसकट गेल्या. चिवड्याचं पाकीट मात्र राहिलं, कारण ते ‘उत्पादनाचं वेष्टन’ ठरतं. नाल्याला हा फरक कळत नाही.

तुम्ही ज्याला माल वाचवणं म्हणता, त्याची किंमत कुर्ला, सायन आणि धारावी भरतात.

दादरचं पोळीभाजी केंद्र

दोन्ही बाजू वाचतोय. आमच्याकडे प्रश्नच वेगळा, टिकण्याचा नाही, गरम मालाचा. संध्याकाळी सात वाजता उकळती आमटी बांधून द्यायची असते.

ताई, तुमच्या यादीतली १ नंबरची बरणी इथे चालत नाही. पेट सत्तरेक अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, आमटी ओतली की बरणी आवळते आणि झाकण बसत नाही. आम्ही ५ नंबरचे पीपीचे डबे घेतो, उकळतं त्यात निभतं. स्वतःचा डबा आणणाऱ्याला पोळी एक रुपया स्वस्त. रोजच्यापैकी निम्मे लोक आता डबा आणतात, हे आमच्या गल्लीपुरतं सांगतो. पातळ पिशवीत गरम रस्सा बांधून देणारे अजून दिसतात. ते मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

लिंबाच्या लोणच्याबद्दलही एक गोष्ट. पॉलिस्टायरीनला तुम्ही नाही म्हटलंत ते अगदी योग्य. थर्माकोल पॉलिस्टायरीनचाच असतो आणि लिंबाच्या सालीतल्या तेलाने तो विरघळतो. साल पिळून घरी बघा, खड्डा पडतो.

पार्लेकर

एवढं सगळं करण्यापेक्षा काच वापरा. काचेला ना वास लागतो ना रंग. आमच्या आजीची चिनी मातीची बरणी साठ वर्षं चालली.

मुलुंडची सुगरण

पार्लेकर, लोणच्याला मी पहिली तीन वर्षं काचच वापरली. अर्धा किलोची रिकामी बरणी माझ्या काट्यावर २८० ग्रॅम भरायची. कुरियरने पाठवलेल्या दहातल्या दोन फुटायच्या, आणि तेल लागलेल्या काचांसकट गिऱ्हाइकाच्या दारात खोकं पोचायचं. घरी येऊन नेणाऱ्यांना आजही काचेतच देते, बरणी परत आणली तर वीस रुपये कमी घेते. बदलापूरच्या पुढे काच जाऊ शकत नाही.

दादरवाल्या दादांचं बरोबर आहे, गरम मालाचा मी विचारच केला नव्हता. लोणचं मी पूर्ण निवल्यावर भरते म्हणून कधी अडलं नाही.

काका, खिडकीचं तुम्ही सांगितलंत ते मनाला लागलं. चार वर्षं मी त्या खिडकीचे जास्तीचे पैसे मोजले. पण तुमचा मुख्य मुद्दा मला अजून पटत नाही. माझा चिवडा दिवाळीत बारा-पंधरा दिवसांत घरी उघडून संपतो. तो सहा महिने टिकायची गरजच कोणाला आहे? कमी करायचं, लवकर विकायचं. लालबागच्या चिवडा गल्लीत लोक समोर तोलून घेतात आणि आठवड्यात संपवतात, तिथे चंदेरी पदर लागत नाही.

वरळीची लसूण चटणी

ताई, तुझा माल मुलुंडहून ठाण्याला जातो. माझी खोबऱ्याची लसूण चटणी दुबईला आणि शारजाला जाते, तिथे दुकानाच्या फळीवर तीन महिने बसते. खोबऱ्याचं तेल आणि लसणाचा वास, दोन्ही मोठे शत्रू. साध्या पीपी पिशवीत मी एकदा पाठवली होती. दीड महिन्यात खवट, आणि त्याच खोक्यातल्या लाडवांना लसणाचा वास. सगळी खेप त्यांनी फेकली, माझे पैसे बुडाले. तेव्हापासून धातूच्या पदराशिवाय मी काही भरत नाही आणि भरणार नाही. माझ्याकडे सहा बायका कामाला आहेत. "आपण सगळ्या जणी बंद करू" हे मला लागू पडत नाही.

कुर्ल्याची रहिवासी

चटणीताई, तुमच्या सहा जणींचा रोजगार जावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण महिनाभरात घरात संपणाऱ्या मालालाही दुबईचं पाकीट लागतं का, एवढंच माझं विचारणं आहे. आज मुंबईत पाच रुपयांच्या शेवेलाही तेच पाकीट आहे.

लॅमिनेशनवाले काका, वसई

रात्री नीट विचार केला. दोन गोष्टी कबूल करतो, एक करत नाही.

कबूल पहिलं: जवळ विकायच्या आणि लवकर संपणाऱ्या मालाला आम्ही गरजेपेक्षा जड पदर विकले. विक्रीचा माणूस ‘प्रीमियम दिसतं’ म्हणतो आणि गिऱ्हाईक घेतं. ते योग्य नव्हतं.

कबूल दुसरं: एकदा चिकटवलेले पेट आणि पॉलिथिन पुन्हा सुटे करणं भंगारात परवडत नाही. कायद्यानेही ते मान्य केलंय. प्लास्टिक कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत बहुपदरी वेष्टनाचा गटच वेगळा ठेवलाय आणि २०२४-२५ साठी पुनर्वापराचं किमान प्रमाण कडक प्लास्टिकला ५० टक्के, बहुपदरीला ३० टक्के धरलंय. बरंचसं सिमेंटच्या भट्टीत जळतं.

न कबूल ते हे: पदर म्हणजे पाप नव्हे. तुमच्या मामांनी आधी काट्यावर ठेवलेली दुधाची पिशवी घ्या. तीही बऱ्याचदा दोन-तीन पदरांचीच असते. पण सगळे पदर पॉलिथिनच्याच घराण्यातले, म्हणून ती एकत्र वितळते आणि तिला भाव मिळतो. तोच विचार घेऊन आता सगळे पदर पॉलिथिनचे, मध्ये फक्त प्राणवायू अडवणारा एक अगदी पातळ थर, असे पाऊच बनतात. चटणीताईंनी ते मागून बघावेत. अडचण एकच, छापील मालाला छपाईचे सिलिंडर करावे लागतात आणि कारखाना थोडा माल काढून देत नाही. चार-पाच जणींनी मिळून कोरा रोल घेतला आणि स्टिकर आपापले लावले तर जमू शकतं.

वरळीची लसूण चटणी

कोऱ्या रोलमध्ये मी आहे. आधी दहा पाऊच भरून तीन महिने माळ्यावर ठेवीन, उघडून वास घेईन, मगच परदेशी पाठवीन. तोपर्यंत चंदेरीच.

कुर्ल्याची रहिवासी

तो पाऊच भंगारवाले खरंच घेतात का, हे कारखान्याने नाही, मामांनी सांगायला हवं. एक पोतं भरलं की मी स्वतः धारावीच्या तेरा कंपाऊंडला, भंगाराच्या बाजारात, घेऊन जाते.

मुलुंडची सुगरण

मी यंदाचं ठरवलं. चिवडा आणि शेव पीपीच्या जाड पिशवीत, पंधरा दिवसांत संपवा असं स्टिकरवर मोठ्या अक्षरात. चकली पीपीच्या डब्यात, नाहीतर प्रवासात तुकडे होतात. लोणचं पेटच्या बरणीत. मेतकूट एलडीत देत होते ते बंद, वास उडतो हे आता कारणासकट कळलं, तेही छोट्या पेटच्या बरणीत जाईल. गोड्या मसाल्याचं मात्र अजून अडलंय. शंभर ग्रॅमला बरणी महाग पडते. काकांच्या रोलची वाट बघते, चंदेरी घेणार नाही.

काका, एक राहिलंच. माझा तो लॉट सादळला होता, खवट नव्हता. तुमच्या हिशेबाने पॉलिथिन आणि मुलामा असताना ओल आत कशी शिरली?

लॅमिनेशनवाले काका, वसई

सीलमधून, दुसरं काही नाही. झिप म्हणजे सील नव्हे, ती उघडल्यानंतरची सोय आहे. झिपच्या वर गरम पट्टीने सील मारावं लागतं, आणि तिथे तेलाचा थेंब किंवा शेवेचा चुरा राहिला तर डोळ्यांना न दिसणारी वाट उरते. जुलैच्या हवेला तेवढी पुरते. भरताना तोंडाला कागदाचं नरसाळं लावा, सीलच्या जागी सुकं फडकं फिरवा. मग दर पन्नास पिशव्यांमागे एक बादलीतल्या पाण्यात बुडवून हाताने दाबा. बुडबुडा आला की मशीनची पट्टी तपासा. पीपीच्या पिशवीलाही हेच करा, तिला तर जास्त काळजीने.