मदत हवी आहे: जहाजाचं नवीन इंधन मिथेनॉल, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) की अमोनिया? मुंबईच्या दारूखाना भागातल्या छोट्या वर्कशॉपने कशाची तयारी करावी?

नमस्कार मंडळी,

आमचं दारूखान्यात पायपिंग आणि व्हॉल्व्ह ओव्हरहॉलिंगचं वर्कशॉप आहे, बाबांनी उभं केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. ड्राय डॉकला (पाणी काढून जहाज दुरुस्त करायच्या गोदीला) जहाज लागलं की फ्युएल लाइन, कूलिंग लाइन, पंप अशी कामं येतात. २०२० मध्ये जहाजाच्या तेलातल्या सल्फरची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली तेव्हा तेल बदललं पण आमचं काम तेच राहिलं. आता तसं राहील असं वाटत नाही.

मध्यंतरी एका पार्टीने विचारलं, मिथेनॉलसाठी डबल वॉल पाइपचे (पाइपात पाइप) स्पूल, म्हणजे जोडून तयार केलेले तुकडे, करून द्याल का, आणि लगेच वेल्डरचं क्लासचं (जहाजं तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट मागितलं. आमचे आर्गन वेल्डिंगवाले हाताला एक नंबर आहेत, पण कागद नाही म्हणून काम गेलं. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

मी वाचलं त्यावरून मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव राहतं म्हणून सोपं, फक्त टाकी दुपटीहून मोठी लागते, आणि मर्स्क या जहाज कंपनीने २०२३ मध्ये त्यावर चालणारं पहिलं कंटेनर जहाज आणलंसुद्धा. एलएनजी उणे १६२ अंशाला ठेवायचा, शिवाय इंजिनातून न जळलेला मिथेन सुटतो तो वेगळाच. अमोनियात कार्बनच नाही, पण विषारी आहे आणि तांबं-पितळ खातो, आणि आमच्या रॅकवर बघाल तर अर्धे व्हॉल्व्ह गनमेटलचे (तेही तांब्याचंच मिश्रण), फिटिंगं पितळेची. आयएमओने (जहाजांचे नियम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना) २०५० च्या सुमाराला नेट झीरो, म्हणजे जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्य, म्हटलंय खरं, पण कार्बनवर पैसे लावायच्या नियमाचं मतदान ऑक्टोबर २०२५ ला वर्षभर पुढे ढकललं, त्यामुळे मालक लोकही थांबून बघतायत.

पैसे मोजकेच आहेत, एकाच बाजूला टाकता येतील. कोणावर टाकू? आणि पोरांच्या जिवाची काळजी आहे ती वेगळी, कारण मिथेनॉलची आग उन्हात दिसतच नाही म्हणतात.

दर्यावर्दी: दादा, मी सेकंड इंजिनिअर, सध्या सुट्टीवर परळला घरी आहे. फ्युएल कुठलं जिंकेल यावर पैसे लावूच नका. तिन्हींमध्ये जे सारखं लागतं ते धरा: स्टेनलेसचा पाइप, डबल वॉल आणि कागदपत्र असलेला वेल्डर. बाहेरच्या पाइपातल्या पोकळीत तासाला ३० वेळा हवा बदलावी लागते नाहीतर नायट्रोजन भरून ठेवतात, म्हणजे आतला पाइप गळला तर डिटेक्टरला लगेच कळतं. त्यामुळे आतलं वेल्डिंग एक्सरेला पास झालंच पाहिजे, तिथे ‘चालतंय की’ चालत नाही. आधी वेल्ड प्रोसिजर (वेल्डिंगची लेखी पद्धत) मंजूर करून घ्या, मग क्लासच्या सर्व्हेअरसमोर वेल्डरची टेस्ट. इंडियन रजिस्टर ही आपल्याकडची क्लासची संस्था, तिचं हेड ऑफिस पवईलाच आहे, तिथे जाऊन भेटा.

मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) १२ अंशाच्या आसपास, डिझेलचा जहाजावर किमान ६०. म्हणजे मुंबईत जानेवारीतसुद्धा त्याची वाफ पेट घ्यायला तयार असते. वापरलेला पाइप दुरुस्तीला आला तर गॅस फ्री सर्टिफिकेट (आत पेटणारी वाफ उरली नाही याचा दाखला) बघितल्याशिवाय ग्राइंडर लावू देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. रबरी सीलसुद्धा बघून घ्या, मिथेनॉलने काही रबरं फुगतात.

धागाकर्ता: खूप आभार भाऊ, हे कोणी असं सोडवून सांगितलं नव्हतं. म्हणजे पितळेचा माल कूलिंगच्या कामाला ठेवतो आणि नवीन पैसा आर्गनच्या मशीनवर आणि टेस्टवर टाकतो. अजून एक विचारू? जेएनपीएला (न्हावा-शेवा बंदराला) ग्रीन टग, म्हणजे प्रदूषण कमी करणाऱ्या, जहाज ओढायच्या बोटी येणार आहेत, त्या प्रोग्रामबद्दल ऐकलं असेल. तिथे पाइपवाल्याला काही काम निघेल का?

दर्यावर्दी: सुरुवातीचे टग बहुतेक बॅटरीवरच येतील, मिथेनॉल-हायड्रोजन नंतर. फ्युएल लाइन कमी झाल्या तरी बॅटरी थंड ठेवायला पाण्याच्या लाइन लागतातच, शिवाय फायर लाइन आहेच.

धागाकर्ता: बरं. मग भावाला उद्याच पवईला पाठवतो. टेस्टला पाइपचे तुकडे आपले आपण न्यायचे असतात का, की कूपन (टेस्टचे तुकडे) ते देतात? कोणी नुकतीच टेस्ट दिली असेल तर साधारण खर्च किती आला तेही सांगा प्लीज.