जूनमध्ये श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला जाताय म्हणून मुद्दाम लिहितोय

तुमचा बेत वाचला, आणि "मुलांना पोहता येतं, समुद्राची काळजी नाही" हेही. राहवलं नाही. मे ते सप्टेंबर श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा खवळलेला असतो, थेट आपल्या कोकणासारखा. त्या दिवसांत पूर्वेकडचं त्रिंकोमाली शांत असतं. जमलं तर तिकडे वळा.

ओढीत, म्हणजे समुद्रात आत खेचणाऱ्या प्रवाहात, सापडला तर पट्टीचा पोहणाराही दमतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला एक पट्टा तेवढा गुळगुळीत दिसतो. लोक मुलांना घेऊन नेमके तिथेच उतरतात, आणि पाणी तिथूनच आत ओढतं. अडकलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, मग लाटांबरोबर या. मुलांना हे आधी वाळूत रेघा ओढून दाखवा. लाल बावटा दिसला तर पाण्यात पाय घालायचाच नाही.

डेंग्यूचे डास दिवसा चावतात. ताप आलाच तर पॅरासिटामॉल घेऊन डॉक्टर गाठा. आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नकोच. तिथल्या रुग्णवाहिकेचा नंबर १९९०, सेवा मोफत आहे. २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.