आजारी सरांशी बोलायला जायचंय: काय विचारू, कसं टिपून ठेवू?

प्रश्न
शाळेतल्या आमच्या सरांना मोटर न्यूरॉनचा आजार (एएलएस) आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होत जातात. बोलणं जड झालंय, डोकं मात्र लख्ख आहे. दर आठवड्याला भेटायला त्यांनी होकार दिलाय. आयुष्याबद्दल ते जे सांगतील ते नीट ऐकून जपायचं आहे. किती वेळ बसावं, काय विचारावं, रेकॉर्डिंग कसं करावं?

प्रतिसाद १
महत्त्वाचे प्रश्न पहिल्या दोन भेटींतच घ्या. या आजारात जिभेचे, घशाचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे होत जातात. आज कळणारं बोलणं काही महिन्यांनी कळेलच असं नाही.

भेट विश्रांतीनंतरच्या वेळेला ठेवा, अर्धा-पाऊण तास पुरे. शब्द घसरायला लागले की थांबा. तसंच रेटलं तर थकवा दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. सर टेकून बसलेले असू द्या, कारण आडवं पडल्यावर श्वास अपुरा पडतो. पाणीसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतात. तुम्हाला साधी सर्दी असली तरी भेट पुढे ढकला.

मध्येच रडू किंवा हसू आवरेनासं झालं तर घाबरू नका. मनात तसं काही नसतानाही या आजारात असं होतं. गप्प राहा, ओसरलं की तोच विषय पुढे न्या.

रेकॉर्डिंगची परवानगी दर वेळी घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाकून घडी घातलेल्या रुमालावर, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका. श्वासाच्या मशीनची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, पण फाइलमध्ये तीच पुढे येते. फोनमध्ये जागा असेल तर वेव्ह फाइल (आवाज न दाबता जशाचा तसा साठवणारी) ठेवा: मोनोमध्ये 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटला मिनिटाला साधारण 5 एमबी लागतात. त्याच दिवशी दुसरी प्रत काढा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण खरी गोम प्रश्नांत आहे. ‘आयुष्याने काय शिकवलं?’ असं विचारलंत तर निरोपसमारंभातलं भाषण मिळेल. लहान, नेमकं विचारा. पहिल्या वर्षी वर्गात करत होतात आणि पुढे सोडून दिलंत असं काय? कुठल्या मुलाशी वागताना चुकलं असं आजही वाटतं? आता कुठली गोष्ट दुसऱ्याच्या हातून करून घेणं सगळ्यात जड जातं? या शेवटच्या प्रश्नातून माणूस आधार घ्यायला कसा शिकतो ते कळतं, आणि ते धडधाकट माणूस सांगूच शकत नाही.

प्रश्न विचारून झाला की मनात दहापर्यंत मोजा. अडखळलेलं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. ते स्वतः ‘सांग’ म्हणाले तरच.

कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांच्या ‘डिग्निटी थेरपी’ची (गंभीर आजारी माणसाचं बोलणं त्याच्या माणसांसाठी लिहून जपण्याची) पद्धत इथे उपयोगी आहे. बोलणं रेकॉर्ड करायचं, दोन-तीन दिवसांत उतरवून काढायचं, क्रम लावायचा आणि त्या माणसालाच वाचून दाखवायचं. या वाचनात कुणाला दुखावणारी नावं गाळली जातात, चुका सुधारल्या जातात, कुणाला द्यायचं तेही ठरतं. ही पायरी टाळू नका. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास लागतात, आवाज अस्पष्ट असेल तर जास्तच. भाषा सजवू नका. सरांचं ‘हं, मग?’ तसंच राहू द्या.

प्रतिसाद ३
आवाज गेल्यानंतरची तयारी आत्ताच करा. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते. पुठ्ठ्यावर वर्णमाला ओळींत लिहा: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य ते ळ. तुम्ही ओळीचं नाव घ्यायचं. सरांनी डोळे मिटले म्हणजे ‘हो’, वर पाहिलं म्हणजे ‘नाही’. ओळ ठरली की त्यातली अक्षरं एकेक म्हणायची. ‘वेळ’ हवं असेल तर आधी शेवटची ओळ, तीत ‘व’, पुन्हा तीच ओळ आणि ‘ळ’. काना-मात्रा सोडून द्या, संदर्भाने शब्द लागतो; नाही लागला तर तुम्ही दोन-तीन पर्याय म्हणून दाखवा.

नवखे लोक इथे घाई करतात. दोन अक्षरांमध्ये सेकंदभर थांबलं नाही तर ‘हो’ पुढच्या अक्षराला लागतो आणि सगळा शब्द बिघडतो. पुठ्ठ्याच्या कडेला नेहमीची वाक्यंही लिहा: ‘थांब’, ‘मान सरळ कर’, ‘पुन्हा वाच’, ‘आज नको’. सर बोलू शकतात तोवरच रोज पाच मिनिटं हा सराव ठेवा, म्हणजे कुठे चुकतंय ते ते तोंडाने सांगू शकतील.