प्रति: कृपा फुकट, मग सत्कर्मं कशाला?
"तारण (म्हणजे पापांतून सुटका) देवाच्या कृपेनं फुकट मिळत असेल तर माणूस चांगलं वागेलच कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र (बायबल, इफिसकरांस २:८-१०) सलग वाचा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. आणि लगेच दहाव्या वचनात सत्कृत्यं येतात, तारणाचं फळ म्हणून. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. एवढ्या विदुषी, तरी देवापुढे रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या! मला ही कबुली फार मोलाची वाटते. केडगावचं मुक्ती मिशन (निराधार स्त्रियांसाठी त्यांनी काढलेला आश्रम), दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली, हे सगळं त्यानंतरचं.