पांढरे जिंकले असते तर मॉस्कोत बसलं कोण असतं?

धूमकेतू:
काल एका पोस्टवर प्रतिसाद लिहायला घेतला, तो एवढा फुगला की वेगळा धागाच काढतोय. तिथं एका सद्गृहस्थांनी छातीठोक लिहिलंय की रशियाच्या यादवीत लेनिन हरला असता, म्हणजे त्याच्या विरोधातले 'पांढरे' जिंकले असते, तर झार परत आला असता, इंग्लंडसारखी गुणी राजेशाही नांदली असती आणि पुढचं सगळं महाभारत टळलं असतं.

अहो, कुठला झार? निकोलस जुलै १९१८ मध्ये बायकापोरांसकट मारला गेला. भाऊ मिखाईल त्याच्याही महिनाभर आधी, पेर्मजवळ. आणि गादीवर कोण, हे पांढऱ्यांनी ठरवलंच नव्हतं. आधी लढाई, बाकीचं पुढं नवी संविधान सभा बघून घेईल, हेच त्यांचं धोरण.

कागदावर नेता एकच, अ‍ॅडमिरल कोल्चाक, ओम्स्कचा 'सर्वोच्च शासक'. ध्रुवीय मोहिमा केलेला दर्यावर्दी, आणि राज्य कुठं, तर सैबेरियाच्या पोटात. मॉस्कोच्या खरं जवळ पोचला तो दक्षिणेकडचा पांढरा सेनापती डेनिकिन. ऑक्टोबर १९१९ मध्ये ओर्योल पडलं, तिथून मॉस्को साडेतीनशे किलोमीटर. माझं मत असं : क्रेमलिनमध्ये जो आधी शिरला असता त्याचं राज्य. म्हणजे डेनिकिन. आणि दोन वर्षांत त्याच्याच हाताखालच्या सेनापती रँगेलनं त्याला घरी बसवलं असतं.

सरळमार्गी:
ते सद्गृहस्थ मीच. नाव घ्यायला जीभ अडखळली का? राजेशाही म्हटलं म्हणजे मी निकोलस म्हटलं का? झारच्याच घराण्यातला ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच जिवंत होता. १९१४ चा सरसेनापती, ताडमाड उंच, सैन्यात शब्दाला वजन. एप्रिल १९१९ पर्यंत क्रिमियातच होता.

आणि डेनिकिननं जून १९१९ मध्ये कोल्चाकचं नेतृत्व जाहीर मान्य केलं होतं. हे सोयीस्कर विसरलात.

धूमकेतू:
एप्रिलपर्यंत होता, मग ब्रिटिश युद्धनौकेत बसून निघून गेला. डेनिकिननं त्याला सेनापतिपद देऊ केलं का? नाही. आणि शब्द देणं सोपं असतं हो, राजधानी हातात नसते तोवर.

शंकासुर:
तुम्ही दोघंही सेनापतींच्या मिशा मोजताय. मतं कुणाला होती? नोव्हेंबर १९१७ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत समाजवादी क्रांतिकारक पक्षाला साधारण ४० टक्के, लेनिनच्या बोल्शेविकांना जेमतेम पाव हिस्सा. सभेचा अध्यक्ष समाजवादी क्रांतिकारकांचाच चेर्नोव्ह. लेनिननं ती सभा एका दिवसात गुंडाळली हे खरं, पण त्याच पक्षाच्या नेत्यांना नोव्हेंबर १९१८ मध्ये ओम्स्कात रात्री उचललं ते पांढऱ्यांनीच, आणि दुसऱ्या दिवशी कोल्चाक सर्वोच्च. शेतकऱ्यानं काय समजायचं? सैन्य पुढं सरकलं की मागून जुना जमीनदार हजर, जमीन परत दे म्हणत. असले लोक मॉस्को घेऊनही टिकले नसते.

वाडा_विकणे_आहे:
जमीनदार म्हटलं की लगेच राक्षस! आमच्या आजोबांची रत्नागिरीकडची जमीन कूळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७, सकाळी मालक, संध्याकाळी कोणी नाही. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, जमीनदार कसले. आज आमचं नाव फक्त जुन्या फेरफारात. जिंकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास वाचून न्यायनिवाडे करू नका.

नांगरट:
तुमचे आजोबा मास्तर होते, माझे तुमच्यासारख्यांचं कूळ. भात पिकवायचं आम्ही, अर्धं खळ्यावरूनच उचललं जायचं, वर खोताच्या घरी लग्न निघालं की राबायला जायचं फुकट. अलिबागजवळच्या चरीच्या लोकांनी सहा वर्षं शेतं पेरली नाहीत, १९३३ ते ३९, ती काय हौस म्हणून? आंबेडकरांनी खोतीविरुद्ध विधेयक १९३७ मध्ये मांडलं. खोती जायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

वाडा_विकणे_आहे:
मी खोत नव्हे! आठ एकरवाल्याला खोत म्हणता?

नांगरट:
आठ एकरवाला स्वतः नांगर धरत नसेल तर कुळाला फरक काय पडतो?

वाडा_विकणे_आहे:
आणि त्या कुळाच्या नातवानं तीच जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकली. तेव्हा नांगर कुठं होता? मुंबईच्या पार्टीला, गुंठ्याच्या भावानं.

नांगरट:
आमची अजून आहे. यंदाही लावणी केली. या, पेज प्यायला या.

तिखटजाळ:
रशिया राहिला बाजूला. कुणी चांगला, कुणी वाईट राज्यकर्ता झाला असता याची चर्चा चाललीय आणि १९१९ मध्ये युक्रेनमध्ये ज्यूंचं काय झालं यावर एकाचंही अक्षर नाही. फास्तिवमध्ये डेनिकिनच्याच फौजेनं कत्तल केली. त्याला कदाचित ते पसंत नसेल, पण आवरता आलं नाही ना? ज्याला स्वतःचे कॉसॅक घोडेस्वार आवरत नाहीत तो मॉस्को काय आवरणार. पूर्वेला सैबेरियातल्या चिता शहरात जपान्यांच्या जिवावर सेम्योनोव्ह हा सरदार बसलेला, तो कोल्चाकलाही जुमानत नव्हता. मला तर तेव्हाच्या चीनसारखा प्रकार दिसतो, प्रत्येक प्रांताला एक सरदार.

धूमकेतू:
हे मी लिहायला हवं होतं. चुकलं.

सरळमार्गी:
वा, इतक्या नम्रपणे? माझ्या वेळी 'कुठला झार' अशी गर्जना होती.

बरं, झार मागे घेतो. रँगेल चालेल, तोही उंच होता. आणि कोत्या मनाचा माणूस नव्हे : जून १९२० मध्ये क्रिमियात त्यानं शेतकऱ्यांना कब्जातली जमीन देणारा कायदा केला, मोबदला २५ वर्षांत धान्याच्या हप्त्यांनी. नोव्हेंबरात जहाजांत बसून पळावं लागलं, ते सोडा.

शंकासुर:
तो कायदा १९१८ मध्ये केला असता तर हा धागा निघालाच नसता.

नांगरट:
किंमत ठरवून हप्त्यानं जमीन कुळाला. म्हणजे आपल्या कूळकायद्याचं कलम ३२ ग च की! वाडावाले, तुमच्या पांढऱ्या सेनापतीनंही अखेर कूळकायदाच केला. आजोबांना किंमत मिळाली होती ना?

वाडा_विकणे_आहे:
मिळाली. आकडा सांगत नाही, हसाल.

नांगरट:
आमच्याकडे पावत्या आहेत. मला ठाऊक आहे किती असेल. नाही हसत.