चष्मा हरवला म्हणून घाबरू नका

आई चष्मा कुठंतरी ठेवून विसरते, ही स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शियाची) सुरुवात का, असं एकानं विचारलंय. नुसत्या तेवढ्यावरून नाही. हातखंडा काम अडखळतंय का ते बघा. खानापूरची आमची आत्या फोडणीत मोहरी टाकून ‘पुढं काय?’ म्हणून थांबायची. बाजारात कन्नडातून घासाघीस करणारी बाई, पण दहाच्या कोथिंबिरीलाही पाचशेचीच नोट पुढं करायला लागली, हिशेब नको म्हणून! घरचे म्हणायचे, वय झालं. (हे पालुपद आपल्याकडं फार.) डॉक्टरकडं न्याल तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासायला सांगाच. त्यातल्या बिघाडानंही विसराळूपणा येतो आणि वेळेत उपचार मिळाले तर सुधारूही शकतो. चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः झोपेच्या, सोबत न्या.